जुनी कॅम्पर लेहला न्यायची आहे

प्रश्न : काका, 2006 ची बोलेरो कॅम्पर, म्हणजे डबल केबिनचा पिकअप, घेतलीय. जूनमध्ये मनालीहून लेहला न्यायची आहे. आधी लाइटबार (जादा दिव्यांची पट्टी) बसवू की मोठे टायर?

उत्तर : दोन्ही नको. जुन्या डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिनाचा डिझेल पंप मेकॅनिकल असतो, सेन्सरचा त्रास नाही, ही तुमची खरी कमाई. ती जपा.

सुरुवात रेडिएटरच्या होज पाइपपासून करा. इंजिन गार असताना क्लिपेजवळ दाबून बघा. माझ्या गाडीचा पाइप वरून नवाकोरा दिसायचा, पण दाबला की बोटाला काळी पूड लागायची. मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूच्या अलीकडे तोच फाटला आणि आम्ही पाच तास रस्त्यावर बसलो. म्हणून होज आणि फॅनबेल्ट नवे टाका, जुने धड असतील तर सोबत ठेवा. व्हील बेअरिंगला नवं ग्रीस, नवं ब्रेक ऑइल. कमानपाट्याचे यू-बोल्ट कसून घ्या. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढायला स्वतः शिका.

त्याच रस्त्यावरच्या तांडी गावच्या पंपावरची पाटी सांगायची, पुढचा पंप 365 किलोमीटरवर. डिझेलचा कॅन हवाच. वाटेतली ‘तांगलांग ला’ ही खिंड 5,300 मीटरच्या वर आहे, तिथे विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते, म्हणून सामान कमी भरा.

निघण्यापूर्वी भरल्या गाडीने आंबेनळी घाट चढून-उतरून या. जे गळायचं ते तिथेच गळू दे.