गोव्याच्या उकाड्यात बिअर्डेड ड्रॅगनला वेगळा बल्ब कशाला?

तुम्ही विचारलंय, गोव्यात वर्षभर गरमच असतं, मग बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याच्या टाकीत हीट बल्ब आणि यूव्हीबी (उन्हातले न दिसणारे अतिनील किरण) देणारी ट्यूब खरंच लागतात का, आणि किती वॅटचा बल्ब घ्यावा.

लागतात. दोन्ही लागतात. आणि 'गोव्यात गरमच असतं' हे वाक्य आता मला ऐकवत नाही, कारण त्याच वाक्यापायी आमच्या सरडोचा पाय वाकडा झाला.

सरडो हे नाव आईने ठेवलेलं. आम्ही डिचोलीचे. तो घरी आला मे महिन्यात. बल्ब आणि ट्यूब दोन्ही माझ्या यादीत होते. पण दादा इलेक्ट्रिशियन, घरातल्या विजेच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचा. तो म्हणाला, "पंख्याखाली बसून आम्हाला घाम फुटतोय आणि त्या जनावराला तू शेकोटी देणार? खिडकीत ठेव, ऊन येतं की भरपूर." ट्यूबची किंमत ऐकून आईही त्याच्याच बाजूला गेली. टाकी हॉलच्या बंद काचेच्या खिडकीला लागली. दुकानदाराने रात्रीसाठी म्हणून लाल बल्ब दिला होता, तो तेवढा लावला.

मे निभावला. मिरग लागला आणि सगळं बिनसलं. खोलीत २७ अंश, बाहेर आठ-आठ दिवस सूर्य नाही. सरडो दिवसभर कोपऱ्यात काळपट पडून. खाल्लेले रातकिडे एकदा तसेच्या तसे ओकला. दादा म्हणाला, पावसात सगळ्यांचीच भूक मंदावते.

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास) बांधता बांधता आईने त्याच्यापुढे जास्वंदीचं फूल धरलं. एरवी तो फूल हातातून ओढून घ्यायचा. त्या दिवशी त्याने तोंड उघडलं, पाकळी धरली, पण चावता येईना. पुढच्या उजव्या पायाची बोटं थरथरत होती. डॉक्टरांनी अंगठ्याने त्याचा खालचा जबडा हलकेच दाबला तर तो रबरासारखा दबला. मेटाबॉलिक बोन डिसीज, म्हणजे हाडं मऊ पडण्याचा आजार. हाडांतलं कॅल्शियम शरीराने काढून वापरलं होतं. औषधांनी तो वाचला, जबडाही घट्ट झाला. पाय वाकडा राहिला तो राहिलाच.

खिडकीच्या काचेतून ऊन येतं, यूव्हीबी येत नाही. काच ते जवळजवळ सगळं अडवते. यूव्हीबी नाही तर कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि डी३ नाही तर खाण्यावर कितीही कॅल्शियम पावडर शिंपडा, ती अंगी लागत नाही. हवेच्या उकाड्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

उष्णतेचंही तसंच. हा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या प्रदेशातला प्राणी. उन्हात दगडावर बसून तो अंग तापवतो, तेव्हा कुठे त्याला अन्न पचतं. बसायच्या जागेचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश हवा आणि दुसरं टोक २५ ते २८ च्या आसपास, म्हणजे तापला की त्याला तिकडे सरकता येतं. सगळी टाकी एकसारखी ३२ अंश असण्याला काही अर्थ नाही. आम्ही धुतलेला चिऱ्याचा तुकडा ठेवलाय, तो ऊब छान धरतो. हीट रॉक (आतून विजेने तापणारा दगड) मात्र घेऊ नका, पोट भाजतं.

लाल बल्ब फेकून द्या. या सरड्याच्या डोक्यावर प्रकाश ओळखणारा तिसरा डोळा असतो, रात्री त्याला काळोखच हवा. आपल्याकडे रात्र २० च्या खाली क्वचितच जाते, त्यामुळे रात्री उष्णताही लागत नाही. दिवसा १२ तास उजेड.

यूव्हीबीला टी५ (बारीक जाडीची) ट्यूब, १० किंवा १२ टक्क्यांची, टाकीच्या निम्म्या लांबीची, बल्बच्याच बाजूला. टाकीच्या झाकणाच्या जाळीवर ठेवलीत तर जाळी बरंच यूव्हीबी खाते. अंतर डब्यावरच्या तक्त्याप्रमाणे ठेवा. आणि वर्षभरात बदला. यावरूनही आमच्याकडे वाद झाला. दादा म्हणे, पेटतेय तोवर ट्यूब चांगली. नाही! डोळ्यांना दिसणारा उजेड राहतो आणि न दिसणारं यूव्हीबी कमी होत जातं. मी ट्यूबवर मार्करने तारीख लिहून ठेवते.

वॅटचं म्हणाल तर ते टाकी केवढी आणि बल्ब किती उंचावर यावर आहे. ५० पासून सुरू करा आणि दगडाचं तापमान मोजा.

आणखी एक. एप्रिल-मेमध्ये खोलीच ३४ ला गेली की थंड टोक थंड राहत नाही, तेव्हा कमी वॅटचा बल्ब लावा किंवा डिमर बसवा. पावसात दमट हवेने छातीचे आजार होतात, टाकीला हवा खेळती हवी. सकाळचं खरं ऊन सगळ्यात उत्तम, पण जाळीच्या पिंजऱ्यात, सावलीचा कोपरा ठेवून, आणि कावळ्यांवर नजर ठेवून. काचेची टाकी उन्हात कधीच ठेवू नका, आत जनावर भाजून मरतं. आणि प्राणी कुठून आलाय त्याचे कागद घेण्याआधी बघा.

घरात कोणी दादासारखं बोलणारं असेल तर वाद घालत बसू नका. तापमान मोजायची गन त्याच्या हातात द्या आणि तोच दगड बल्ब बंद असताना एकदा, बल्ब पेटवून अर्ध्या तासाने एकदा मोजायला सांगा. आमच्याकडे २८ आणि ४० आले. दुसऱ्या दिवशी दादाने स्वतः स्टूलवर चढून ट्यूबची पट्टी बसवली.