कॉर्क ओक : लावण्याआधी वर्षांचा हिशेब करा

प्रश्न : कॉर्क ओकच्या सालीला चांगला भाव मिळतो असे ऐकले. लागवड बियांपासून होते का? उत्पन्न कधी सुरू होते?

उत्तर : आधी उत्पन्नाचे बोलू, कारण घोर निराशा तिथेच होते. हा सदाहरित वृक्ष पश्चिम भूमध्य प्रदेशातला. याची साल म्हणजेच कॉर्क; जगातले जवळपास निम्मे कॉर्क एकटा पोर्तुगाल पिकवतो. तिथल्या कायद्याने जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर खोडाचा घेर ७० सेंटिमीटर भरल्याशिवाय सालीला हात लावता येत नाही. त्याला साधारण २५ वर्षे जातात. शिवाय ही पहिली साल कडक आणि भेगाळ. ती दळून फरशा आणि उष्णतारोधक तक्ते करतात. बाटलीच्या बुचाजोगी एकसारखी साल तिसऱ्या काढणीपासून मिळते आणि दोन काढण्यांत किमान ९ वर्षे सोडावी लागतात. म्हणजे झाड चाळिशी ओलांडते! तोवर घर चालते ते झाडाखालच्या गवतावर. तिथले शेतकरी झाडे विरळ ठेवून मेंढ्या, गुरे चारतात. डुकरे ओकची फळे खातात. ही जोड नसेल तर या झाडाच्या नादी लागू नका.

लागवड बियांपासूनच होते, पण बी वाळवून डब्यात ठेवाल तर मरेल. गळलेली ताजी फळे गोळा करून पाण्यात टाका; तरंगतील ती आणि बारीक छिद्र असलेली किडकी फळे फेकून द्या. उरलेली लगेच आडवी पेरा, ३ ते ५ सेंटिमीटर खोल. कोंब दिसण्याआधी सोटमूळ खाली धावते, त्यामुळे उथळ पिशवीत ते गुंडाळते आणि रोप कायमचे कमकुवत राहते. खोल पिशवी घ्या किंवा थेट जागेवर पेरा. मात्र उंदरांपासून जपा.

जमीन हलकी, आम्लधर्मी, निचऱ्याची हवी. चुनखडीच्या रानात पाने पिवळी पडतात. पाणी साचत असेल तर फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू मुळे कुजवतो, तिथे लावूच नका. झाडाखाली खोल नांगरटही टाळा, मुळे तुटतात.

काढणी मे ते ऑगस्टमध्ये होते, तेव्हा साल सहज सुटते. कुऱ्हाडीचा घाव आतल्या जिवंत थरात गेला तर तिथे पुन्हा चांगली साल धरत नाही, म्हणून हे काम सरावलेल्या हातांनाच द्या. सोललेल्या खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतात, २०२३ असेल तर ३. पुढची काढणी कधी, ते झाडावरच वाचता येते.