विमानांना घड्याळ लावा

प्रश्न : आम्ही चौघं मित्र 1942 च्या, पॅसिफिकमधल्या ग्वादलकनाल बेटासाठीच्या अमेरिका-जपान लढाईवर पटावरचा खेळ बनवतोय. नकाशावरचं एक घर 100 किमीचं, एक खेळी 4 तासांची. विमानं दुसऱ्याच दिवशी सगळी जहाजं बुडवतात. त्यांचा मारा निम्मा केला, तर ती अगदीच लुळी पडली. काय करावं?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मारा पूर्ववत करा. 10 डिसेंबर 1941 ला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या दोन मोठ्या ब्रिटिश नौका जपानी विमानांनीच बुडवल्या. ती ताकद खरी आहे. चूक आहे ती वेळेची. तुमच्या पटावर विमान दर खेळीला उडतंय.

राबौल या जपानी तळाहून ग्वादलकनाल सुमारे 1,000 किमी, म्हणजे जवळपास कोल्हापूरहून अजमेर. जायला एक खेळी, यायला एक, पेट्रोल-बॉम्ब भरायला एक. उजेडाच्या तीन खेळ्या संपल्या! राबौलला दिवसाला एकच हल्ला द्या. बेटावरच्या हेंडरसन या अमेरिकी धावपट्टीवरच्या विमानांना पल्ला 3 घरांचा, हल्ला एक खेळीआड. हल्ल्यानंतर सोंगटी उलटी ठेवा, पुढची खेळी गेल्यावर सुलटी करा. उलट्या सोंगटीला दुप्पट नुकसान, कारण इंधन भरत उभं असलेलं विमान पटकन पेटतं.

रात्रीच्या तीन खेळ्या जहाजांच्या. वेगवान युद्धनौकेला खेळीला 2 घरं द्या. तोफा डागल्या तर त्या खेळीत एकच. आता मोजून बघा. धावपट्टी गाठून निसटायचं, तर दिवस मावळताना तिच्यापासून तिसऱ्या घरात असावंच लागतं. पहिल्या खेळीत दोन घरं, दुसरीत एक घर आणि तोफा, तिसरीत दोन घरं मागे. उजाडताना जहाज पल्ल्यातच सापडतं, पण तोवर धावपट्टी खिळखिळी झालेली असते. 13-14 ऑक्टोबरच्या रात्री ‘कोंगो’ आणि ‘हारुना’ या जपानी युद्धनौकांनी असंच केलं आणि हेंडरसनवरची 40 हून अधिक विमानं निकामी केली. म्हणून युद्धनौकेच्या यशस्वी माऱ्याला तिथली निम्मी विमानं काढा.

आणि जहाजाचं सुकाणू बिघडण्याची शक्यता फाशात ठेवाच. नोव्हेंबरात ‘हिएई’ ही जपानी युद्धनौका रात्रीच्या झुंजीत तशीच अडकली, उजाडल्यावर अमेरिकी विमानांनी तिला दिवसभर झोडपलं आणि ती बुडाली. हवामानाचा नियम मात्र इतक्यात नको. आधी एवढ्यावर चार-पाच डाव खेळा.