वाचक विचारतात: जागलीसाठी बॅटरी कोणती घ्यावी?

प्रश्न: भाऊ, पाच एकर वावर आहे, हरभरा अन् तूर, एका अंगाले जंगल. रात्री जागलीले जातो तं डुकरं कोणत्या धुऱ्यावरून घुसतात पताच लागत नाही. बाजारातून '५ किलोमीटर फोकस' लिहिलेली बॅटरी आणली, थे तं अर्ध्या वावरातही पोचत नाही. मोबाईलवर बाहेरदेशातल्या शिकाऱ्यायच्या बॅटऱ्या पाह्यल्या, लाल-हिरव्या लाईटच्या. तशी घेतली तं जमन का?
(एक वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

उत्तर: पहिले कायद्याचं बोलून घेऊ म्हणजे डोकं मोकळं. डुक्कर असो की रोही (नीलगाय), १९७२ च्या वन्यजीव कायद्यात दोघंही संरक्षित आहेत, अन् शिकारीचा नुसता प्रयत्न केला तरी कायदा त्याला शिकारच धरतो. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरासाठी कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते, पण ती कागदावर हातात पाहिजे, तोंडी "मारा ना बावा" चालत नाही. धुऱ्यावर तारेत लाईन सोडायचा विचारही करू नका, त्यात डुकराआधी शेजारचा माणूस जातो.

आता लाल लाईट. बाहेरचे शिकारी ती का वापरतात, तर डुकराला लाल रंग नीट दिसत नाही, त्याला कळू न देता जवळ जायचं असते. तुमचं काम तर अगदी उलटं, त्याला कळलं पाहिजे अन् ते पळालं पाहिजे. मंग पैसे देऊन त्याच्यापासून लाईट लपवायचा कशाला? पांढरा झगझगीत फोकसच घ्या. लाल लाईटचा उपयोग एकच, मचाणावर चहा ओतताना, बिडी शोधताना, कारण पांढरा लाईट एकदा डोळ्यात गेला की अंधाराची सवय परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात अन् तेवढ्यात हरभरा साफ.

बॉक्सवरचे किलोमीटर विसरा, लुमेनचाही आकडा एकटा पाहू नका. लुमेन म्हणजे बॅटरीतून एकूण किती उजेड निघते तो, पण तो उजेड लांब जाते की पायाशीच पसरते हे रिफ्लेक्टरवर असते. खोल अन् रुंद रिफ्लेक्टरची ५०० लुमेनची बॅटरी चपट्या तोंडाच्या हजारवालीपेक्षा लांब मारते. चांगल्या कंपन्या कँडेला (म्हणजे एका दिशेला फोकसचा जोर किती ते) अन् मीटरमध्ये अंतर छापतात, पण ते अंतर म्हणजे जिथं उजेड फक्त पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरते तिथपर्यंतचं. चांदण्यात तुरीतलं डुक्कर ओळखू येते का? नाही ना. म्हणून छापलेल्याचं अर्धं धरा. पाच एकर चौकोनी असलं तर एक बाजू साधारण १४० मीटर भरते, म्हणजे ३०० मीटर लिहिलेली, २२-२३ हजार कँडेलाची बॅटरी पुरे. वावर लांबट पट्ट्याचं असलं तर थोडी जास्त घ्या, पण दुप्पट अंतराला चौपट कँडेला लागतात, तिथं पैसे फुकट जातात.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. रोही, गाय, कुत्रं, बिबट यांचे डोळे बॅटरीत चमकतात, डुकराचे तसे चमकत नाहीत, त्याच्या डोळ्यात तो आरशासारखा पडदाच नसते. आपण चमकणारे डोळे शोधत फिरतो अन् डुक्कर बाजूनंच चरत असते. फोकस हळूहळू फिरवा, हलणारं झाड अन् काळी पाठ पाहा. अन् चमकले म्हणून लगेच पुढे जाऊ नका, तुमच्याकडं जंगल आहे, एकटे तर नाहीच. पिलांवाली डुकरीण असली तर लांबूनच आवाज करा.

सेलवर मात्र कंजूषी नको. १८६५० नंबरचा लिथियम सेल येते, त्यात खऱ्यात ३५०० एमएएचच्या (सेलमध्ये किती चार्ज मावते त्याचं माप) आसपास बसते, ९९०० छापलेला दिसला की दुकानात परत ठेवा. खरा सेल ४५ ग्रॅमच्या जवळपास भरते, सोनाराकडं तोलून पाहा पाहिजे तर. जुन्या शिसाच्या बॅटऱ्या सीझन संपल्यावर रिकाम्या पडून राहिल्या की मरतात, लिथियमवाली अर्धी चार्ज करून ठेवा. अन् फुल पॉवर काही मिनिटांतच उतरते, गरम होते म्हणून, तो बिघाड नाही.

प्रश्न: ओलिताले लाईन रातच्यालेच येते. फोकस एका हातात अन् पावडं दुसऱ्या हातात, कसं जमन?
(एक वाचक, जि. वर्धा)

उत्तर: डोक्याची बॅटरी घ्या, फोकसवाली नाही तर पसरट उजेडाची, १००-२०० लुमेन बस झाले. मण्यार रात्रीच फिरते, घोणसही जास्त करून रात्री, अन् उजेड पाहून साप बाजूला होईल या भरवशावर राहू नका, पाय टाकायच्या आधी तुम्हाला तो दिसला पाहिजे यासाठीच बॅटरी, सोबत गमबूट. पाण्याचं काम म्हणून आयपीएक्स ७ लिहिलेली पाहा, ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते, आयपीएक्स ४ फक्त शिंतोड्यापुरती, दवाला ठीक आहे. अन् स्टार्टरजवळ दोन्ही हात कोरडे ठेवा.