ठरवणं घरी, घेणं दुकानात

पोरी,

परवा रात्री साडेअकराला तुझे पाच फोटो आले. पाचही कुकरचे. खाली एकच ओळ, ‘काका, कुठला घेऊ?’ मी चष्मा लावून पाहिले, मला पाचही सारखेच दिसले. सकाळी फोन केला तेव्हा कळलं की रविवारी तू चार तास त्या तीनमजली दुकानात होतीस आणि घरी आलीस ती उशांचे दोन अभ्रे, वासाच्या मेणबत्त्या, एकावर एक फुकट म्हणून चार साबण आणि काचेच्या सहा बरण्या घेऊन. बावीसशे रुपये गेले आणि कुकर काही आला नाही. बरण्यांत भरायला डाळही नाही, कारण शिजवायची कशात?

मी हसलो ते तुला लागलं. ‘काका, मला काही ठरवताच येत नाही हो,’ असं म्हणालीस, आणि आवाज बसला तुझा. म्हणून हे पत्र. फोनवर मी समोरच्याला बोलू देत नाही असं तुझ्या काकूचं म्हणणं आहे.

धीर वगैरे देत बसत नाही. तुझ्यात खोट नाही हे तुलाही ठाऊक आहे. तू भलत्या जागी उभी राहून ठरवत होतीस, एवढंच झालं. ठरवणं घरी, घेणं दुकानात. हे मी पत्रात पुन्हा म्हणणार आहे, कंटाळू नको.

तुझे बाबा आणि मी अकरा वर्षं लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात एकाच गादीवर बसलो. मी 1979 ला लागलो आणि 2010 ला उतरलो. मधेच ते गावाकडे गेले. त्यांनी तुला हे सांगितलं नसेल, त्यांना धंद्याबद्दल घरी बोलायला आवडत नसे. गिऱ्हाईक पायरी चढतानाच कळायचं. ‘इरकल दाखवा, गर्द रंग, काठ मोठा, चारशेच्या आत’ असं म्हणणारी बाई दहा मिनिटांत पिशवी घेऊन खाली. आणि एखादी टेकून बसून म्हणाली, ‘दाखवा काहीतरी चांगलं’, की तुझे बाबा माझ्याकडे बघायचे आणि पोऱ्याला चहा सांगायचे. आता सांगायला हरकत नाही. ‘काहीतरी’ हा शब्द ऐकला की आम्ही आधी भारीतला माल काढायचो. दीड हजाराची उलगडून झाली की सातशेची डोळ्यांना स्वस्त दिसते. बाई बिचारी घरून चारशेचा विचार करून निघालेली असते. निदान मनातल्या मनात. लिहिलेलं नसतं ना कुठे!

पण एक काम आम्ही गिऱ्हाइकाच्या भल्याचंही करायचो. दहा-बारा साड्या पुढ्यात पडल्या की तिच्या भुवयांकडे लक्ष ठेवायचं आणि नावडलेल्या एकेक करून हळूच उचलून मागे सारायच्या. शेवटी समोर दोनच राहायच्या. मग म्हणायचं, दारात नेऊन बघा, ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. तिला वाटायचं आपणच निवडली. निवडलेली तिनेच असायची, पसारा तेवढा आम्ही आवरलेला.

तुझ्या त्या दुकानात पसारा आवरणारा कुणी नाही. अमेरिकेत मेम्फिसला 1916 साली क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या गृहस्थाने ‘पिगली विगली’ हे किराणा दुकान काढलं, त्यात गिऱ्हाइकाने स्वतःच फळीवरून माल उचलायचा. त्याआधी तिकडेही आपल्यासारखंच होतं, यादी सांगायची आणि काउंटरमागचा माणूस काढून देणार. साँडर्सला नोकर कमी लागले, त्यांचं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात आलं. पुढे 1937 साली ओक्लाहोमात सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने चाकांची गाडी आणली. कशासाठी, तर हातातली टोपली जड झाली की लोक घ्यायचं थांबवत होते. म्हणून सांगतो, गाडी घेऊ नको, टोपली घे. हात दुखला की समजायचं, पुरे झालं.

माझ्या मुलाने मला जॅमच्या प्रयोगाबद्दल वाचायला दिलं होतं. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी तो 2000 साली छापला. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात चाखायला एकदा 24 तऱ्हेचे जॅम मांडले, एकदा सहाच. 24 मांडले तेव्हा थांबणारे जास्त, पण थांबलेल्या शंभरांतल्या तिघांनीच बाटली घेतली. सहा मांडले तेव्हा शंभरांत तिसांनी. नंतर मुलगाच म्हणाला, बाबा, पुढे पुष्कळांनी असले प्रयोग केले, सगळीकडे तसं निघालं नाही. नसेल निघालं. मी 31 वर्षं भुवया बघितल्यात.

खरी गोष्ट मला शिकवली ती बस्त्याच्या एका म्हातारीने. बस्ता म्हणजे तुला ठाऊक आहे, लग्नाची सगळी कापडखरेदी एका बैठकीत. शहरातली मंडळी आली की तीन दिवस चालायचं, रोज नवीन आत्या बरोबर. ही म्हातारी शिरूरकडची, सोबत दोन मुलगे आणि टेम्पो. लिहिता-वाचता येत नव्हतं. बोटाच्या पेरांवर अंगठा फिरवत एका दमात सांगितलं तिने, मानाच्या अकरा, मधल्या पंचवीस, आहेराच्या चाळीस, नवरीचा शालू एक, टॉवेल-टोप्या साठ. प्रत्येकाचा भाव किती पर्यंत, तेही. मी सवयीने भारीतला गठ्ठा उघडायला गेलो तर माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, ‘आरं लेकरा, मला बघायचं न्हाई, घ्यायचं हाय.’ दोन तासांत टेम्पो भरला. शालूला तेवढा अर्धा तास दिला, तीनदा दारात नेऊन बघितला. जिथे वेळ द्यायचा ते सुद्धा तिने घरून ठरवून आणलं होतं.

आता माझं ऐक. हे मी तुझ्या बाबांनाही पुरतं सांगितलेलं नाही.

माझी आई शेजारणीच्या मशिनवर दुपारची झंपर-परकर शिवायची. शेजारीण झोपली की हिने शिवायचं, आवाज होऊ द्यायचा नाही. 1983 च्या दिवाळीला मला बोनस मिळाला आणि मी म्हणालो, तुला मशिन आणतो. मग सुरू झालं माझं बघणं. हातमशिन की पायमशिन? उषा की सिंगर की मेरिट? टेबल लाकडी की घडीचं? दुकानात जायचो, दुकानदार चाकावर हात ठेवून फिरवून दाखवायचा, मी मान डोलवायचो आणि ‘येतो परत’ म्हणून निघायचो. एक शिंपी म्हणाला हे घ्या, की दुसऱ्याला विचारायचो. गादीवर दिवसभर दुसऱ्यांच्या भुवया वाचणारा मी, पण स्वतःच्या पैशाची वेळ आली तेव्हा ‘दाखवा काहीतरी’वाला झालो. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. बोनसमधले थोडे मोडले, पुन्हा साठवले. आई काही विचारायची नाही. 1986 ला मशिन घरात आलं तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. सुईत दोरा मी ओवून द्यायचो. तिने दोन झंपर शिवले, वाकड्या टिपेचे, आणि मग मशिनवर कापड टाकून वर देवाचा फोटो ठेवला.

उषा आणलं की सिंगर, हे आज मला आठवतसुद्धा नाही बघ. झाकून ठेवलेलंच डोळ्यांसमोर येतं.

तेव्हापासून मी यादीवाला झालो. दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर वाणसामानाची यादी, खाली कापड, भांडी, औषधं. काय, किती, कितीपर्यंत. यादीत असेल ते घ्यायचं, नसेल ते पुढच्या यादीत. ठरवणं घरी, घेणं दुकानात.

लोक हसतात. एकदा जुलैत लक्ष्मी रोडवर धो धो पाऊस लागला, समोर छत्र्या टांगलेल्या, दीडशे रुपये. यादीत नव्हती. मी भिजत घरी आलो आणि तीन दिवस तापाने पडलो. ही गोष्ट तुझी काकू प्रत्येक लग्नात सांगते. सांगू दे. घरात तीन छत्र्या होत्या, चौथी कशाला? मी छत्री विसरलो ही माझी चूक, ती दुकानदाराने का भरून काढावी?

मुलाची गोष्ट मात्र ती सांगत नाही. तो नऊ वर्षांचा होता. तुळशीबागेत एका दुकानापुढे बॅट बघून उभा राहिला. मी म्हणालो, पुढच्या महिन्याच्या यादीत लिहू. लिहिलीही, पहिल्या ओळीवर. पहिल्या तारखेला त्याला घेऊन गेलो तर म्हणाला, ‘नको, आता सगळे लगोरी खेळतात.’ यावर तू म्हणशील, बघा काका. बघितलं मी. पण मला सांग, महिन्याभरात ज्याची हौस उतरते ती वस्तू घेऊन माळ्यावरच टाकायची ना? मी चुकलो नव्हतो. त्याचं तोंड तेवढं अजून दिसतं मला, ते वेगळं.

काकूने त्यानंतर माझ्या यादीत तळाला एक ओळ घालायला सुरुवात केली. ‘इतर – 50.’ इतर म्हणजे काय हे विचारायचं नाही. हल्ली ते 500 झालंय. मला अजून पटत नाही, पण ती ओळ मी खोडत नाही. तुझ्या यादीत हवी तर घाल. मेणबत्त्या त्यात बसल्या असत्या, बरण्या नाहीत.

आणि नुसतं हिंडायला जायचं असेल तर खुशाल जा. तुळशीबागेत मलाही आवडतं, पितळी समया बघाव्यात, बांगड्यांचे आवाज ऐकावेत. पाकीट आणि मोबाइल घरी ठेवून जा म्हणजे झालं. हिंडणं वेगळं, घेणं वेगळं. तू दोन्ही एका फेरीत करायला गेलीस.

आता कुकर. तू एकटी, कधीमधी मैत्रीण. तीन लिटर पुरे. पाचचा घेतलास तर वाटीभर भात तळालाच चिकटून बसेल. खोलीवर इंडक्शनची शेगडी आहे म्हणालीस, तर तळ इंडक्शनला चालणारा हवा. साधा ॲल्युमिनियमचा त्यावर तापणारच नाही. आयएसआयची खूण हवी. आणि ज्याची रिंग-शिट्टी तुझ्या कोपऱ्यावरच्या भांडीवाल्याकडे मिळते तो घे, हे आधी त्याला विचारून ये. आता तुझे फोटो पुन्हा बघ. मी बघितले. दोन पाच लिटरचे आहेत, एक साध्या तळाचा. उरले दोन. त्यांतला कुठला, हे मला विचारायचं नाही. दोघांतही डाळ शिजते. भाव कमी असेल तो घे आणि घरी जा.

शनिवारी साडेदहाला मंडईत टिळकांच्या पुतळ्यापाशी ये. रविवार पेठेत जाऊ, अकराला परत. यादी लिहून आण, मोबाइलमध्ये नको, कागदावर. कागद मी मागणार आहे. जेवायला घरीच ये.

तुझा,
काका

ता. क. काकूच्या कुकरची शिट्टी गेला आठवडाभर सापडत नाही. तिने यादीत लिहिलेली नाही, तेव्हा मी काही ती घेणार नाही. तू तुझ्या ‘इतर’मध्ये बसव.