जादूगाराचा भाऊ कोठे आहे?

मागील अंकात ‘द प्रेस्टीज’ या चित्रपटाविषयी लिहिल्यानंतर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. क्रिस्टोफर प्रीस्ट यांच्या १९९५ च्या कादंबरीवरून क्रिस्टोफर नोलन यांनी २००६ साली केलेला हा चित्रपट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एकमेकांच्या जिवावर उठलेल्या अँजियर आणि बोर्डन या दोन जादूगारांची गोष्ट सांगतो. उत्तरे देताना त्यातील सर्व गुपिते उघड करावी लागली आहेत. त्यामुळे ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनी हे पान तूर्त बाजूला ठेवावे, ही विनंती.

प्रश्न : मुलाने हा चित्रपट घरी लावला. माझ्या आईचे वय ८२ असून तिला इंग्रजी कळत नाही, म्हणून मी शेजारी बसून तिला अहिराणीत कथा सांगत होतो. चित्रपट निम्म्यावर आला नव्हता तोच, बोर्डन बायकोशी बोलत असताना, ती म्हणाली, “हाऊ दुसराच शे!” (हा दुसराच आहे!) मी तिला गप्प केले. शेवटी तिचेच खरे निघाले. माझा आक्षेप निराळा आहे. बोर्डनचे गुपित जर इतके साधे होते, तर अँजियरच्या हाती माणसाची हुबेहूब प्रत काढणारे यंत्र देऊन दिग्दर्शकाने आमची फसवणूक केली नाही काय? – एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, चाळीसगाव

उत्तर : आपल्या मातोश्रींनी जे ओळखले, ते बहुतेकांना दुसऱ्यांदा पाहतानाही पटकन दिसत नाही. आपण त्यांना कारण विचारलेत की नाही, हे पत्रात लिहिलेले नाही, परंतु मला ते असे वाटते की त्या प्रयोग पाहत नव्हत्या, माणूस पाहत होत्या. संवादांचे शब्द कळत नसल्यामुळे त्यांच्यापुढे केवळ चेहरा, नजर आणि बायकोजवळ बसण्याची रीत एवढेच होते, आणि बोर्डन म्हणून वावरणारे दोन जुळे भाऊ नेमके तेथेच वेगळे पडतात.

हे गुपित चित्रपट लपवतही नाही. बोर्डन मंचावर एका दारातून आत जातो आणि क्षणात दुसऱ्या दारातून बाहेर येतो. जादूगारांचे यंत्र-सामान तयार करणारा वयस्कर कटर हा प्रयोग पाहताच सांगतो की बोर्डन तोतया वापरतो. अँजियरला आणि त्याच्याबरोबर आपल्याला हे उत्तर फार सोपे वाटते, म्हणून आपण ते नाकारतो. पिंजऱ्यातील पक्षी नाहीसा करून पुन्हा दाखवला जातो, तेव्हा एक लहान मुलगा रडत विचारतो की याचा भाऊ कोठे आहे. पहिला पक्षी पिंजऱ्यासह चिरडला गेला, हे त्या मुलाला कोणी सांगितलेले नसते. बंदुकीच्या प्रयोगात बोर्डनची दोन बोटे जातात आणि काही काळाने बायकोला दिसते की जखम पुन्हा पहिल्या दिवसासारखी वाहते आहे. एका भावाची बोटे गेली म्हणून दुसऱ्यानेही आपली तोडून घेतली, हे तेव्हाच डोळ्यांपुढे मांडलेले असते.

आता यंत्राविषयी. आपला आक्षेप मी हलका मानत नाही, कारण पहिल्यांदा पाहताना माझाही विरस झाला होता. चित्रपटात अँजियरला ते यंत्र निकोला टेस्ला करून देतात. टेस्ला हे खरे शास्त्रज्ञ होते आणि १८९९ साली अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे त्यांनी खरोखर प्रयोगशाळा उभारली होती; तेथे माणसाची प्रत काढणारे यंत्र तयार होणे ही शुद्ध कल्पना आहे. मात्र १८९० च्या दशकात विजेचे तारांशिवाय उजळणारे दिवे हातात धरून टेस्ला व्याख्याने देत असत, आणि त्या काळच्या श्रोत्यांच्या दृष्टीने विज्ञान व जादू यांतील रेघ पुसटच होती. शिवाय चित्रपटाचे पहिलेच दृश्य रानात विखुरलेल्या एकसारख्या हॅटचे आहे. म्हणजे यंत्र काय करते, हे खेळ सुरू होण्यापूर्वीच आपल्याला दाखवलेले असते.

यंत्राशिवाय ही गोष्ट अपुरी राहिली असती, असे माझे मत झाले आहे. बोर्डनकडे यंत्र नाही, म्हणून त्याला आयुष्यभर अर्धे जगावे लागते. अँजियरला ते कष्ट नको आहेत. त्याने आधी एक दारुडा नट तोतया म्हणून ठेवला, पण टाळ्या त्या नटाला मिळतात आणि आपण मंचाखाली अंधारात उभे राहतो, हे त्याला सोसले नाही. मग त्याला खरी जादू मिळते आणि तिचे मोल असे की दर रात्री यंत्रातून दोन अँजियर निघतात व त्यांतील एक मंचाखालच्या पाण्याच्या पेटीत बुडून मरतो. त्याची पत्नी अशाच पेटीत बुडून गेलेली असते. बुडालेल्या एका खलाशाला मरण घरी परतल्यासारखे वाटले होते, असे सांगून कटरने तेव्हा त्याची समजूत घातली होती. अखेरीस तोच कटर कबूल करतो की आपण खोटे बोललो, त्या यातना असह्य होत्या. हे वाक्य ऐकल्यावर यंत्र पळवाट वाटेनासे होते. फसवणूक त्याला म्हणावे, ज्यात प्रेक्षकाला आधी काहीच कळू दिलेले नसते.

प्रश्न : साराच्या मृत्यूविषयी आपण मागील लेखात एक ओळही लिहिली नाहीत. दोन पुरुषांच्या ईर्षेत तिचा बळी जातो आणि चित्रपट पुढे सरकतो. कलेसाठीचा त्याग म्हणून याचे कौतुक कसे करावे? – एक शिक्षिका, अमळनेर

उत्तर : ती उणीव माझ्या लेखाची होती आणि मी ती मान्य करतो. सारा ही बोर्डनची पत्नी. तो प्रेमाचे शब्द बोलतो, तेव्हा ती त्याच्या डोळ्यांत पाहून सांगते की आज हे खरे नाही. इतर दिवशी ते खरे असते, हेही तिला कळते. दोघांपैकी एकाचेच तिच्यावर प्रेम आहे, हे सत्य तिला पुराव्याशिवाय ठाऊक झालेले असते, आणि घरातील कोणीही तिच्या कळण्याला होकार देत नाही. चाळीसगावच्या आजींना जे कौतुकाने सांगता आले, ते साराला जन्मभर नाकारले गेले. तिच्या आत्महत्येला चित्रपटाने आणखी वेळ द्यायला हवा होता, हे आपले म्हणणे मला पटते.

त्यागाविषयी मात्र एक भेद करावासा वाटतो. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस सुमारे ५० वर्षे आपल्या घराबाहेर क्वचितच पडले आणि टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंमधून त्यांनी छायाचित्रांत संपूर्ण निसर्गदृश्ये उभी केली. तीही एक नजरबंदीच होती, आणि तिच्यासाठी त्यांनी स्वतःचे आयुष्य दिले. बोर्डन बंधूंनी स्वतःच्या आयुष्याबरोबर साराचेही दिले, तेही तिला न विचारता. अशा त्यागाचे कौतुक मी करणार नाही.

प्रश्न : चित्रपटाच्या नावाचा अर्थ काय? आणि धाकट्या बहिणीला तो दाखवताना गुपित आधी सांगावे का? – एक महाविद्यालयीन विद्यार्थी, धुळे

उत्तर : कटरच्या म्हणण्यानुसार जादूच्या प्रत्येक प्रयोगाचे तीन भाग असतात. आधी साधी वस्तू दाखवायची, मग ती नाहीशी करायची आणि शेवटी परत आणायची. या तिसऱ्या भागाला तो ‘प्रेस्टीज’ म्हणतो. हा भाग राहून गेला तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशातील जादूगाराचे आहे. १९५६ साली पी. सी. सरकार यांनी बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमात एका तरुणीला करवतीने कापण्याचा प्रयोग केला. ती उठून उभी राहण्यापूर्वीच वेळ संपली, कार्यक्रम थांबला आणि खून झाला अशा समजुतीने प्रेक्षकांनी दूरध्वनींचा भडिमार केला.

चित्रपट आणि जादू यांचे नाते आपल्याकडेही जुने आहे. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करीत असत, आणि तुकडे जोडून प्रेक्षकाची नजर हवी तेथे वळवणे हे चित्रपटाचेही काम आहे.

बहिणीला आधी काही सांगू नये. तिच्याशेजारी बसावे, पक्ष्यासाठी रडणाऱ्या मुलाच्या प्रसंगी आवाज थोडा वाढवावा, आणि ती मध्येच काही म्हणाली, तर तिला गप्प मात्र करू नये.