मुंबई पाहायला जाताना कोणते मार्गदर्शक पुस्तक घ्यावे?

आपण विचारले आहे की, मुलांना घेऊन चार दिवस मुंबईला जायचे आहे, तर जाडजूड इंग्रजी मार्गदर्शक घ्यावे, की स्टेशनवर मिळणारी पातळ मराठी पुस्तिका पुरेल. माझ्या मते पातळ पुस्तिका घ्यावी; मात्र तिच्यात प्रत्येक स्थळाचा सुट्टीचा वार छापलेला नसेल, तर ती तिथेच ठेवून द्यावी. या एका वारापायी आमच्या घरात अकरा वर्षे वाद धुमसतो आहे.

2014 च्या दिवाळीत, कापूस वेचणीच्या आरंभीची सीतादहीची पूजा आटोपून पहिल्या वेचणीचे पैसे हाती आल्यावर, आम्ही नऊ जण बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसने निघालो. सोबत सासूबाई होत्या आणि माझे साळेही होते. मी महिनाभर आधी पुस्तिका आणून, पेन्सिलीने खुणा करून, वारांप्रमाणे कार्यक्रम आखला होता: रविवारी लाँचने घारापुरीची लेणी, सोमवारी गेटवेजवळचे वस्तुसंग्रहालय, मंगळवारी भायखळ्याची राणीची बाग आणि संध्याकाळी परतीची गाडी. साळ्यांनी गाडीतच तो कागद घडी करून माझ्या खिशात घातला. “भाऊजी, म्या दोन वर्षं कल्याणले काढली, मले पुस्तक कायले पायजे?” असे म्हणून त्यांनी रविवार कल्याणच्या नातेवाइकांकडे घालवला आणि घारापुरी सोमवारवर ढकलली.

सोमवारी सकाळी गेटवेवर तिकीट विकणाऱ्या माणसाने आमच्या पिशव्यांकडे पाहत सांगितले, “आज लेणी बंद.” सासूबाईंनी पहाटे उठून केलेल्या दशम्या आणि मिरचीचा ठेचा तिथेच कठड्याच्या सावलीत सोडून खावा लागला. मी पुस्तिका उघडून साळ्यांपुढे धरली. पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, पण स्पष्ट छापले होते: सोमवारी बंद. त्यावर त्यांनी ठेच्याचेच बोट ठेवले आणि “एवढं बारीक कोण वाचते?” असे विचारले. तो तेलाचा डाग आजही त्या ओळीवर आहे. तरीही प्रत्येक लग्नात, पंगत बसली की, “भाऊजींच्या पुस्तकानं लेणी बंद पाडली” ही गोष्ट सांगितली जाते, आणि माझी सौभाग्यवतीसुद्धा हसते.

तेव्हा पुस्तक निवडताना रंगीत छायाचित्रांना भुलू नये. गेटवेचे चित्र कॅलेंडरवरही असते. घारापुरी आणि कान्हेरीची लेणी सोमवारी, राणीची बाग आणि तिच्या आवारालगतचे भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते, एवढे ज्यात नाही ते पुस्तक कितीही जाड असो, निरुपयोगी आहे. इंग्रजी जाडे पुस्तक प्रामुख्याने परदेशी पाहुण्यांसाठी लिहिलेले असते. त्यातील महागड्या हॉटेलांची पाने आपण पैसे देऊन का वाहावीत? आपल्याला हवे असते ते हे की, राणीच्या बागेसाठी भायखळ्याला उतरावे, गेटवे आणि वस्तुसंग्रहालय पायी एकाच दिवशी होते, आणि दादरला पश्चिम व मध्य अशा दोन्ही मार्गांवरील गाड्या मिळतात.

आता माझ्या पुस्तिकेचे दोषही सांगायला हवेत. ती पाच वर्षे जुनी होती, त्यामुळे तिच्यातील भाडी सगळी चुकली होती आणि त्यावरून साळ्यांचा टोमणा मी मुकाट्याने ऐकला. आवृत्तीचे वर्ष मुखपृष्ठावर नव्हे, आतल्या पानावर पाहावे, कारण कधीकधी केवळ मुखपृष्ठच नवे असते. दादरच्या फलाटांना डिसेंबर 2023 मध्ये सलग क्रमांक दिले गेले, एल्फिन्स्टन रोडचे 2018 मध्ये प्रभादेवी झाले आणि आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण सुरू झाली. त्याआधीच्या पुस्तकात हे सापडणार नाही. अशा गोष्टी मोबाईलवर पाहाव्यात, हे मलाही मान्य आहे. पावसाळ्यात जात असाल तर घारापुरीच्या लाँचची खात्री आदल्या दिवशी गेटवेवरच करावी.

येत्या मे महिन्यात साळे पुन्हा मुंबईला निघाले आहेत. त्यांनी बहिणीकरवी माझी तीच पुस्तिका मागवली आहे. मी अजून दिलेली नाही.